मेल आला, वर्दी नाही

टर्मिनलमध्ये चालणाऱ्या मेल-प्रोग्रॅमात नवा मेल आल्याची वर्दी चुकते, तेव्हा मेल बहुतेक वेळा हरवलेला नसतो. तो सर्व्हरवर नीट पोचलेला असतो, कित्येकदा घरच्या संगणकाच्या डिस्कवरही उतरलेला असतो. फक्त ते कोणी सांगितलेले नसते. मेल येणे आणि मेल आल्याचे कळणे ही दोन वेगळी कामे आहेत, ती वेगवेगळे प्रोग्रॅम करतात, आणि दुसऱ्या कामाचा पाया पहिल्यापेक्षा बराच कच्चा असतो. मट, नियोमट, अल्पाइन या प्रोग्रॅमांत वर्दी म्हणजे कोणी आणून दिलेला निरोप क्वचितच असतो. फाइलीवरची वेळ, फाइलीची जागा, सर्व्हरने सांगितलेला एखादा आकडा अशा खुणांवरून प्रोग्रॅमने बांधलेला तो अंदाज असतो. खूण पुसली गेली की अंदाज हुकतो आणि प्रोग्रॅम गप्प राहतो. मेल आलाच नाही म्हणून तो गप्प आहे, की त्याने पाहिलेच नाही म्हणून, हे पडद्याकडे बघून सांगता येत नाही. या दुखण्याचा सगळा त्रास त्यात आहे.

हे प्रोग्रॅम ज्या काळात घडले त्या काळी वाचणारा उठून मेलकडे जात असे. भारतात 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा मुंबईतल्या विद्यार्थ्याला परवडेल असे खाते होते ते शेल खाते. त्यात चित्रे नव्हती, माउसचे काम नव्हते. फोन लावायचा, मोडेमची किरकिर संपेपर्यंत थांबायचे, युनिक्सच्या काळ्या पडद्यावर पोचायचे आणि पाइन उघडून मेल वाचायचा. पाइन हा वॉशिंग्टन विद्यापीठात 1989 साली सुरू झालेला प्रोग्रॅम. आजचा अल्पाइन त्याचाच वारस. मायकेल एल्किन्स यांनी लिहिलेला मट 1995 चा, आणि त्याला फुटलेली नियोमट ही शाखा 2016 ची. तासांच्या हिशेबाने मिळणाऱ्या त्या जोडणीत मेल आपणहून हाक मारेल अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरच्या निपाणी-कोगनोळीकडच्या माणसाला तर त्या वर्षांत दूरचा निरोप म्हणजे पोस्टमन नाहीतर एसटीडी बूथ.

आता त्यांतलाच एखादा प्रोग्रॅम कोगनोळीच्या घरात चालतो. पुण्याहून बेंगळुरूला जाणारा महामार्ग गावाला लागून जातो, आणि या दोन्ही शहरांतल्या कंपन्यांची कामे घरून करण्याची सोय लॅपटॉपने करून दिली आहे. रेंज कमी असली तरी टर्मिनलचे भागते. ब्राउझरातला मेल उघडायला जेवढा डेटा लागतो त्याच्या अगदी थोड्या हिश्श्यात मटमधली पत्रांची यादी दिसते, आणि दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने शिरून काम करणाऱ्याला तर दुसरे काही लागतच नाही. वाचायला, उत्तर लिहायला, हजारो पत्रांतून एक शोधायला याच्या तोडीचे साधन कमी. उणीव आहे ती वर्दीची, आणि ती किरकोळ मानू नये. कोविडच्या साथीत, 2021 च्या फेब्रुवारीपासून, महाराष्ट्रातून कर्नाटकात शिरताना कोगनोळी नाक्यावर 72 तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल दाखवावा लागे, आणि तो अहवाल कित्येकांना प्रयोगशाळेकडून मेलने येत असे. अहवाल इनबॉक्समध्ये पडून आहे आणि माणसाला त्याचा पत्ता नाही, अशा वेळी मागे फिरावे लागते ते खरोखरच्या गाडीला आणि गाडीतल्या माणसांना.

दोष शोधताना क्रम पाळावा. मेल जिथून येतो तिथून सुरुवात करून कानापर्यंत यावे. घंटी वाजत नाही म्हणून आधी घंटीच्याच मागे लागणे हा वेळ घालवण्याचा हमखास मार्ग आहे. पहिला प्रश्न: मेल सर्व्हरवर आला का? त्यासाठी त्याच खात्याचे वेबमेल उघडून पाहावे. तिथे मेल नसेल तर टर्मिनलला दोष देण्यात अर्थ नाही. असेल, तर तो कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते नीट बघावे. सर्व्हरवर गाळण्या लावलेल्या असतात. ग्राहकांचे मेल एकीकडे, बिले दुसरीकडे, उरलेले इनबॉक्समध्ये. मट मात्र फक्त त्याच फोल्डरांवर नजर ठेवतो जे त्याला ‘मेलबॉक्सेस’ या आज्ञेत नावानिशी सांगितलेले असतात. यादीत नसलेल्या फोल्डरमध्ये शंभर मेल पडले तरी तो काही बोलणार नाही. अल्पाइनमध्येही इनबॉक्सबाहेरच्या फोल्डरांची तपासणी वेगळी चालू करावी लागते. या यादीतला एक बारीक दोष वर्षानुवर्षे सापडत नाही: फोल्डरांच्या नावाआधी अधिकचे चिन्ह लिहून ‘मुख्य फोल्डरच्या आतला’ असे सुचवले जाते, आणि मुख्य फोल्डर कोणता ही ओळ त्याच फाइलीत खाली आलेली असते. मट ओळी वरून खाली वाचतो. यादी वाचताना मुख्य फोल्डर अजून ठरलेलाच नसल्यामुळे तो भलत्याच जागी पाहत बसतो.

मेल डिस्कवर उतरत असेल तर दुसरा प्रश्न येतो: तो नवा आहे हे प्रोग्रॅमला कशावरून कळते? इथे थोडे रेंगाळावे लागेल, कारण सगळ्यात जुनी आणि सगळ्यात गुंतागुंतीची कारणे इथेच आहेत.

युनिक्सवर मेल ठेवण्याची जुनी रीत एमबॉक्सची. एकच लांबलचक फाइल, तिच्या शेवटाला नवा मेल जोडायचा. 1980 साली बर्कलीच्या युनिक्समध्ये बिफ नावाची एक आज्ञा आली. तिथल्याच एका कुत्र्याचे नाव तिला दिलेले. तिचे काम साधे होते. माणसाने ती चालू केली की त्याच्या टर्मिनलच्या फाइलीवर ‘चालवण्याची परवानगी’ ही खूण लागे, आणि मेल पोचताच पार्श्वभूमीत बसलेला दुसरा प्रोग्रॅम ती खूण पाहून टर्मिनलवर काही ओळी छापत असे. शेल स्वतःही विचारपूस करतो. बॅश ठरावीक वेळाने, काही सांगितले नसेल तर 60 सेकंदांनी, मेलची फाइल बघतो; पण तोही केव्हा, तर पुढची आज्ञा घेण्यासाठी प्रॉम्प्ट दाखवायच्या आधी. माणूस तासभर एडिटरमध्ये लिहीत बसला असेल तर त्या तासात प्रॉम्प्ट येत नाही, म्हणून विचारपूसही होत नाही.

मटची रीत फाइलीवरच्या दोन वेळांची आहे. प्रत्येक फाइलीला शेवटची बदलल्याची वेळ असते आणि शेवटची वाचल्याची वेळ असते. बदलल्याची वेळ वाचल्याच्या वेळेनंतरची असेल तर मट समजतो की कोणी तरी मेल टाकला आणि तो अजून वाचलेला नाही. युक्ती सुबक आहे. पण तिचे सगळे बळ ‘ही फाइल फक्त मीच वाचतो’ या गृहीतावर आहे. ‘स्टॅट’ ही आज्ञा मेलच्या फाइलीवर चालवली की हे समोर दिसते. समजा, बदलल्याच्या ओळीत रात्री 2 वाजून 10 मिनिटे आहेत आणि वाचल्याच्या ओळीत 2 वाजून 30 मिनिटे. त्या वेळी घरात सगळे झोपलेले होते. फाइल वाचली ती रात्रीच्या बॅकअपने. बॅकअपने मेल उघडून पाहिला नाही, केवळ त्याची प्रत घेतली. पण फाइलीच्या लेखी ते वाचनच. सकाळी मट दोन्ही वेळांची तुलना करतो आणि नवे काही नाही असे ठरवतो. शोधाची आज्ञा, विषाणू तपासणारा प्रोग्रॅम, मेल मोजून आकडा दाखवणारी एखादी छोटी स्क्रिप्ट, कोणीही ही खूण पुसू शकतो. यावर मटमध्ये उपाय आहे: वेळेऐवजी फाइलीच्या आकारावर लक्ष ठेवायला सांगायचे. ‘चेक एमबॉक्स साइझ’ ही सेटिंग त्यासाठीच.

दुसरी बाजू उलटी आहे. फाइल वाचली की दर वेळी डिस्कवर वेळ लिहायची, हे काम संगणकाला जड जाते. म्हणून वाचल्याची वेळ लिहूच नये अशी सोय लिनक्समध्ये आहे, आणि एसएसडीचे आयुष्य वाढावे म्हणून अनेक जण ती लावतात. मग वाचल्याच्या वेळेवरून काही ठरवायचे तर आधारच उरत नाही. यावर मधला मार्ग निघाला तो ‘रेलाटाइम’ नावाचा: वाचल्याची जुनी नोंद बदलल्याच्या वेळेच्या मागे असेल तेव्हाच, किंवा ती एका दिवसाहून जुनी झाली असेल तर, नवी नोंद करायची. 2009 साली आलेल्या लिनक्स 2.6.30 पासून हाच शिरस्ता आहे. डिस्क जोडण्याच्या ‘माउंट’ या आज्ञेच्या माहितीपुस्तिकेत ही सोय समजावताना मटचे नाव घेऊन सांगितले आहे की, याने मटसारखे प्रोग्रॅम बिघडत नाहीत. एवढ्या मोठ्या प्रणालीच्या मुळाशी काम करणाऱ्यांनी पत्र वाचणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमची गरज ध्यानात ठेवली, ही मनापासून कौतुक करण्याजोगी गोष्ट आहे. तेव्हा ज्यांनी हौसेने वाचनाची नोंद पूर्ण बंद केली असेल त्यांनी ती निदान मेलच्या विभागापुरती रेलाटाइमवर आणावी.

डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल या मेल-सर्व्हरसाठी आखलेली मेलडिरची रीत वेळांच्या फंदात पडत नाही. प्रत्येक मेल ही स्वतंत्र फाइल, आणि फोल्डरात तीन कप्पे: टीएमपी, न्यू आणि कर. मेल आधी टीएमपीमध्ये पूर्ण लिहिला जातो, मग न्यूमध्ये सरकवला जातो; मेल-प्रोग्रॅमने तो पाहिला की करमध्ये जातो आणि त्याच्या नावाला वाचल्याची, उत्तर दिल्याची अक्षरे जोडली जातात. न्यूमध्ये फाइल आहे म्हणजे नवा मेल आहे. इतके स्वच्छ. तरीही वर्दी चुकते, आणि ती चुकण्याचे कारण बहुधा खिशात असते. त्याच खात्याचा मेल फोनवरही येतो. सर्व्हरवर डव्हकॉटसारखा प्रोग्रॅम असेल तर फोनने फोल्डर उघडताच तो न्यूमधल्या फाइली करमध्ये नेऊन ठेवतो. माणसाने फोन हातात घेतलेला नाही, मेल वाचलेला नाही. फोनने मात्र नेमून दिल्याप्रमाणे विचारपूस केली. मट येतो, न्यू रिकामे बघतो आणि गप्प बसतो. ‘मेलडिर चेक कर’ ही सेटिंग चालू केली की तो दोन्ही कप्पे बघतो. ती मुळात बंद असते, कारण करमध्ये हजारो फाइली असतात आणि त्या सगळ्या दर वेळी चाळणे जड पडते. ज्याच्याकडे फोन आणि टर्मिनल दोन्ही आहेत त्याने, म्हणजे आता जवळजवळ प्रत्येकाने, हा भार सोसलेला बरा.

मटमध्ये ‘नवा’ आणि ‘जुना पण न वाचलेला’ असा भेदही आहे. फोल्डर उघडून काही न वाचता बाहेर पडले की नव्या मेलांसमोरचे एन हे अक्षर जाऊन ओ येते. शिवाय प्रोग्रॅमला मुळात सांगितलेले असते की, फोल्डर शेवटचे उघडल्यानंतर जे आले तेवढ्याचीच वर्दी द्यायची. दोन्ही गोष्टी शहाणपणाच्या आहेत. पण घाईघाईत एकदा फोल्डरात डोकावून गेलेल्याला संध्याकाळी वाटते की वर्दी आलीच नाही. ‘मार्क ओल्ड’ आणि ‘मेल चेक रिसेंट’ या दोन सेटिंग बंद केल्या की न वाचलेला प्रत्येक मेल नवाच समजला जातो.

मेल डिस्कवर न उतरवता थेट सर्व्हरवर वाचणाऱ्यांचे दुखणे निराळे. मार्क क्रिस्पिन यांनी 1986 साली स्टॅनफर्डला मांडलेला आयमॅप हा मेल-सर्व्हरशी बोलण्याचा शिरस्ता मुळात प्रश्नोत्तरांचा आहे: प्रोग्रॅमने विचारायचे, सर्व्हरने सांगायचे. जून 1997 मध्ये त्यात ‘आयडल’ ही आज्ञा आली आणि सर्व्हर न विचारता बोलेल यावर प्रोग्रॅमला विसंबता येऊ लागले. ती हाताने करून पाहण्यासारखी आहे. ओपनएसएसएलच्या आज्ञेने सर्व्हरशी जोडणी करायची, लॉगिन करायचे, इनबॉक्स निवडायचा आणि ‘आयडल’ लिहून एंटर दाबायचे. सर्व्हर अधिकचे चिन्ह देऊन थांबतो. दुसऱ्या खात्यावरून एक मेल पाठवला की काही क्षणांत समोर ओळ उमटते: तारका, एक आकडा, आणि ‘एक्झिस्ट्स’. इनबॉक्समध्ये आता इतके मेल आहेत, एवढेच सर्व्हरने सांगितलेले असते. कोणाचा, कशाबद्दल, काही नाही. टर्मिनलमधल्या वर्दीचे मूळ ही एवढीशी ओळ. ती इथे दिसत असेल आणि मटमध्ये वर्दी नसेल, तर सर्व्हर आणि नेट दोन्ही निर्दोष ठरतात व शोध निम्म्यावर येतो.

मटमध्ये आयडल आपण चालू केल्याशिवाय चालू नसते. चालू केले तरी ते उघडलेल्या एकाच फोल्डरसाठी असते. बाकीच्या फोल्डरांची स्थिती थोड्या थोड्या वेळाने विचारावी लागते. आयमॅपमध्ये मेलला ‘रिसेंट’ अशी एक खूण असे. ज्या प्रोग्रॅमने फोल्डर सर्वांत आधी उघडले त्यालाच ती दिसे, नंतर येणाऱ्याला नाही. फोनने आधी उघडले की त्या खुणेवर विसंबलेला टर्मिनलमधला प्रोग्रॅम अंधारात. 2021 साली आयमॅपची नवी आवृत्ती ठरली तिच्यातून ही खूण काढूनच टाकली, ते बरे झाले.

आता कोगनोळीचा म्हणून जो खास भाग आहे तो. गाव निपाणी तालुक्यात, जिल्हा बेळगाव. दूधगंगेचा पूल ओलांडला की कागल आणि कोल्हापूर जिल्हा. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोडची व्यवस्था 15 ऑगस्ट 1972 पासून लागू झाली तेव्हा ही हद्द आकड्यांतही उमटली: कागल 416216, निपाणी 591237. संस्कृतचे पंडित आणि कवी असलेल्या या मराठी माणसाने देशाचे टपाल सहा आकड्यांत बसवले, आणि पुलाच्या दोन बाजूंच्या पत्त्यांचा पहिलाच आकडा वेगळा झाला. मोबाइलचीही तीच रेषा. अलीकडे कर्नाटक सर्कल, पलीकडे महाराष्ट्र-गोवा सर्कल, आणि रेडिओच्या लहरी नदीपाशी थांबत नाहीत. हद्दीवरच्या घरात टेबलावर ठेवलेला फोन कधी इकडच्या टॉवरला चिकटतो, कधी तिकडच्या. पट्ट्या भरलेल्या दिसतात, कोपऱ्यात रोमिंगचे चिन्ह येते नि जाते. काही फोनांत रोमिंगमध्ये डेटा बंद ठेवलेला असतो. तिथे रेंज पूर्ण, फोन लागतो, नेट मात्र नाही. हॉटस्पॉटवर चालणाऱ्या लॅपटॉपला यातले काही कळत नाही, कारण त्याच्या दृष्टीने वायफाय चालूच आहे.

सर्कल बदलले की फोनची नव्या जाळ्यात नोंदणी होते, आणि त्यासोबत नेटवरचा पत्ता बदलू शकतो. जुन्या पत्त्यावरून सर्व्हरशी बांधलेली जोडणी तिथेच मरते. ती मेल्याचे कोणी सांगत नाही. आयडलमध्ये प्रोग्रॅम ऐकण्यासाठी थांबलेला असतो, स्वतः काही पाठवत नाही. आणि जो काही पाठवत नाही त्याला पलीकडे कोणी उरले नाही हे कळायला वाव नाही. पलीकडचा माणूस फोन ठेवून निघून गेला आणि अलीकडचा कानाला रिसीव्हर लावून बसला आहे, तशी ही अवस्था. लिनक्सकडे जोडणी जिवंत आहे का हे तपासण्याची सोय आहे, पण ती प्रोग्रॅमने मागितली तरच चालते, आणि तिची मूळची मुदत दोन तासांची: 7200 सेकंद शांततेत गेल्यावर पहिली चाचणी, अशा 75 सेकंदांच्या अंतराने एकूण नऊ. जोडणी मेली हे ठरायला दोन तास अकरा मिनिटे लागतात. सर्कल न बदलताही असे घडते, कारण मोबाइल कंपन्या एकाच बाहेरच्या पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात आणि शांत जोडण्यांच्या नोंदी काही मिनिटांत पुसून टाकतात. वीज गेली, घरचा राउटर बंद पडला आणि परत चालू झाला, तरी तेच. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिल्यामुळे मटचा पडदा जसाच्या तसा दिसत असतो.

आयडलच्या नियमात प्रोग्रॅमने दर 29 मिनिटांनी तरी आज्ञा नव्याने द्यावी असे सुचवले आहे, कारण 30 मिनिटे गप्प राहणाऱ्याला बाहेर काढण्याची सर्व्हरला मुभा आहे. 1997 साली विद्यापीठांतल्या तारांच्या जोडणीला ती मुदत ठीक होती. हद्दीवरच्या हॉटस्पॉटला ती फार लांब पडते. मटमधली ‘आयमॅप कीपअलाइव्ह’ ही सेटिंग मुळात 300 सेकंदांची आहे. ती 60 ते 120 वर आणावी. थोडा डेटा जास्त जातो, फोनची बॅटरीही थोडी जास्त उतरते, पण जोडणी मेली असेल तर ते लवकर उघडकीला येते. याच्या शेजारची ‘आयमॅप पोल टाइमआउट’ ही सेटिंग उलट दिशेने बदलावी लागते. नवा मेल आहे का असे विचारल्यावर 15 सेकंदांत उत्तर आले नाही तर मट जोडणी तोडून टाकतो. एकच काडी रेंज असताना उत्तराला वीस सेकंद लागणे नवलाचे नाही. म्हणून ती मुदत 45-60 सेकंद करावी. दोन्ही बदल एकत्र करावेत. एकट्या पहिल्याने जोडणी उगाच वारंवार तुटत राहील.

हद्दीवर राहणाऱ्यांसाठी याहून चांगली रचना म्हणजे मेल आणण्याचे काम मटकडून काढून घेणे. एमबीसिंक किंवा ऑफलाइनआयमॅप हा प्रोग्रॅम दर काही मिनिटांनी नवी जोडणी करतो, मेल मेलडिरमध्ये उतरवतो आणि जोडणी बंद करतो. जी जोडणी मिनिटभरही राहत नाही ती सर्कल बदलल्याने मरण्याची भीती कमी. नेट नसताना आधीचे मेल वाचताही येतात. पण वर्दी चुकण्याची एक नवी जागा इथे तयार होते. पासवर्ड बदलला, चावीचा साठा कुलूपबंद राहिला, किंवा मेल-सेवेने नियम बदलला की हे आणणे बंद पडते. गूगलने 30 मे 2022 पासून वैयक्तिक खात्यांवर बाहेरच्या प्रोग्रॅमांना नुसत्या पासवर्डने येऊ देणे थांबवले, तेव्हा ज्यांनी वेगळा ॲप पासवर्ड घेतला नव्हता त्यांचे आणणे असेच थबकले. ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनमध्ये लावलेले काम फसले तर क्रॉन त्याची तक्रार मेलनेच पाठवतो, आणि तीही त्याच संगणकावरच्या स्थानिक पेटीत, जी सहसा कोणी उघडत नाही. म्हणून ती पेटीसुद्धा मटच्या यादीत घालावी. लॅपटॉप झाकून ठेवलेल्या वेळात क्रॉनची जी कामे हुकतात ती तो नंतर करत नाही, हेही लक्षात असावे. दर पाच मिनिटांच्या कामात त्याने बिघडत नाही, दिवसातून एकदाच्या कामात बिघडते.

मेल उतरला, तो नवा म्हणून ओळखला गेला, आणि तरी कळले नाही, असे झाले तर प्रश्न विचारण्याच्या वेळेचा असतो. मट पत्रांच्या यादीत कळ दाबली जाण्याची वाट पाहत असतो तेव्हा ठरावीक वेळाने बघतो. उत्तर लिहायला एडिटर उघडला की तो थांबून राहतो. लांब उत्तर लिहिणाऱ्याला तेवढा वेळ काही कळत नाही. मटच्या नव्या आवृत्त्यांत एडिटर मागे ठेवून यादीत परत येण्याची सोय झाली आहे. अल्पाइन मुळात 150 सेकंदांनी बघतो, त्यामुळे दोन मिनिटे वर्दी नाही म्हणून तिथे घाबरून जाऊ नये.

शेवटचा टप्पा घंटीचा. नव्या मेलसाठी मट मुळात घंटी वाजवतच नाही. नवा मेल आल्याची एक ओळ तळाशी दाखवतो आणि पुढची कळ दाबताच ती ओळ जाते. ‘बीप न्यू’ चालू करावे लागते. चालू केल्यावर मट टर्मिनलकडे आस्कीतला सातव्या क्रमांकाचा संकेत पाठवतो, आणि तिथून पुढे तो कोणाकोणाच्या हातून जातो ते पाहावे लागते. एका टर्मिनलात अनेक खिडक्या देणाऱ्या टीमक्समध्ये दुसऱ्या खिडकीतली घंटी ऐकवायची की नाही याची सेटिंग असते. टर्मिनलमध्ये आवाज बंद करून फक्त पडदा चमकवायचे सांगितलेले असते. जुन्या भोंग्याचा ड्रायव्हर अनेक लिनक्स संचांत मुळातच बंद ठेवलेला असतो. प्रिंटएफ या आज्ञेने तो एकच संकेत छापून पाहिला की मटला बाजूला ठेवून एवढाच भाग तपासता येतो.

‘न्यू मेल कमांड’ लावून डेस्कटॉपवर चौकट दाखवणाऱ्यांनी मट कुठे चालतो आहे ते आधी पाहावे. एसएसएचने बेंगळुरूच्या सर्व्हरवर शिरून मट चालवला असेल तर ती आज्ञा बेंगळुरूला चालते, आणि तिथे पडदा नाही, डेस्कटॉप नाही, बघणारा कोणी नाही. अशा मांडणीत घंटीचा संकेतच जास्त भरवशाचा, कारण तो टर्मिनलच्या अक्षरांबरोबर एसएसएचमधून घरापर्यंत येतो. आणि मराठी पत्रव्यवहार असणाऱ्यांना एक अडथळा आणखी आहे. मेलच्या मथळ्यातला देवनागरी विषय मूळ फाइलीत रोमन अक्षरांच्या आणि आकड्यांच्या सांकेतिक ओळीत बांधलेला असतो. मट तो उकलून दाखवतो. फाइलीतून सरळ मथळा उचलणारी घरगुती स्क्रिप्ट उकलत नाही. चौकट येते, पण तिच्यात ‘उसाच्या बिलाबाबत’ याऐवजी अक्षरांची निरर्थक रांग असते, आणि जाहिरात समजून माणूस ती बंद करतो. स्क्रिप्टमध्ये मथळा उकलण्याची एक पायरी घालणे हाच त्यावरचा उपाय.

दुरुस्ती झाली की नाही हे दोनदा तपासावे. पहिल्यांदा फोनवरचा मेल-ॲप बंद ठेवून, दुसऱ्या खात्यावरून मेल पाठवून, यादीच्या पडद्यावर तपासणीच्या मुदतीहून जास्त वेळ थांबावे. दुसऱ्यांदा ॲप चालू ठेवावा, मट उघडा असताना फोन विमान-मोडवर नेऊन दोन मिनिटांनी परत आणावा, हॉटस्पॉट पुन्हा जुळू द्यावा आणि मग मेल पाठवावा. पहिली चाचणी पार पडते आणि दुसरी पडत नाही, तेव्हा दोष जोडणी जिवंत ठेवण्याच्या मुदतीत असतो किंवा फोनने आधी उचललेल्या खुणेत. ॲप बंद करून दुसरी चाचणी पुन्हा घेतली की या दोहोंतला कोणता, तेही कळते.